तुम्ही विचारलंत म्हणून: वारा समोरून आला की काय करता?

मालवणच्या बाजूला माझी एक लहान लाकडी होडी आहे. तिला इंजिन आहे, पण काठी आणि शीडही आहे. शिडाचा गुंडाळा किनाऱ्यावर सोडून बसलो की कोणी ना कोणी येऊन उभं राहतंच. पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: ‘केवढ्याला पडली?’ आणि ‘किल्ल्यावर नेता का?’ तिसरा मात्र जरा विचार करून येतो. ‘वारा मागून असला तर समजलं हो. पण समोरून आला की काय करता?’

‘वाऱ्याला पाठ दाखवून वळतो,’ असं मी सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे घरी परत. मग मी हसतो, त्यांना घाई असते, आणि उत्तर अर्धंच राहतं. ते आज पुरं करतो.

आधी एक सोपी गोष्ट. थेट वाऱ्याच्या तोंडात कुठलीच शिडाची होडी जात नाही, कितीही महाग असली तरी. ती वाऱ्याशी कोन करून तिरकी जाते. फणसाची ओली आठळी चिमटीत दाबली की सटकन पुढे उडते ना, तसंच. एका बाजूने वारा शिडाला दाबतो, दुसऱ्या बाजूने होडीचं बुड पाण्याला अडून बसतं, आणि त्या चिमटीतून होडी पुढे निसटते. हल्लीची शर्यतीची नौका वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन साधते. आमच्यासारख्या होडीने ६० अंश साधले तरी मी खूश असतो. म्हणजे काय होतं, तर समोरच्या वाऱ्यात एक मैल पुढे जायला पाण्यावर दोन मैल कापावे लागतात. वर होडी आडवी सरकते ते वेगळंच. एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, असं नागमोडी जायचं. आणि खरी मेख आहे ती हे अंग बदलण्यात.

त्यासाठी आमचं शीड कसं बांधलेलं असतं ते बघायला हवं. चित्रातल्या जहाजावर चौकोनी शिडं आडव्या काठीला लोंबत असतात. कोकणातलं शीड तसं नसतं. उभी डोलकाठी बुटकी आणि जाड, आणि ती किंचित पुढे, नाळेकडे म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे झुकलेली. तिला टांगलेली लांबलचक तिरकी काठी म्हणजे परबाण. जुन्या मचव्यांवर, म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या शिडाच्या होड्यांवर, हे परबाण जवळजवळ मचव्याएवढंच लांब असायचं. एवढं सरळ लाकूड एका झाडातून मिळायचं नाही, म्हणून दोन तुकडे मधोमध एकमेकांवर चढवून दोराने करकचून आवळायचे. वरचं टोक मुद्दाम बारीक ठेवायचे. वाऱ्याचा झोत आला की ते टोक वाकतं आणि थोडा वारा वरच्या वर सांडून जातो. गाडीला पाटा असतो, तसं समजा. परबाणाचं खालचं टोक पुढे नाळेपाशी बांधलेलं, वरचं मागे आभाळात. शीड याच परबाणाला वेटोळ्यांनी बांधलेलं असतं, आणि शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याला जो दोर, ती दामण. सुकाणू तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या हातात आणि दामण त्याच्या सगळ्यात भरवशाच्या माणसाच्या हातात, ही जुनी रीत.

काठी पुढे का झुकवायची, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मला ती गावच्या सुताराची चूक वाटायची. झुकलेल्या काठीमुळे परबाण तिच्यापासून सुटं लोंबतं, घासत नाही, आणि फिरवायचं झालं की काठीच्या पुढून मोकळेपणी फिरतं. काठीला कायमचे ताणदोरही फारसे नसतात. परबाण वर ओढायचा जो जाड दोर, तोच काठीच्या डोक्यावरच्या कप्पीतून मागे आणून बांधतात, की त्याचाच काठीला मागून आधार. बाकीचे एकदोन ताणदोर ज्या बाजूने वारा, त्या बाजूला बांधायचे. वारा बदलला की सोडून पलीकडे. कमी सामानात भागवायचं, आणि जे आहे त्याला दोन कामं लावायची.

शीड चढवायची पद्धतही मला फार आवडते. खालीच परबाणाला शीड गुंडाळून जागोजागी कच्च्या सुतळीने नाहीतर झावळीच्या पात्यांनी बांधायचं. मग सगळ्यांनी ‘हईस्सा’ करत ते जड धूड वर न्यायचं. वर जाईपर्यंत शीड फडफडत नाही, कुणाच्या तोंडावर बसत नाही. परबाण जागेवर पोचलं की दामण एकदाच ओढायची. पटपटपट बंध तुटत जातात आणि शीड फुगतं. पूर्वी शीड जाड सुती कापडाचं आणि दोर काथ्याचे. माझं शीड आता कृत्रिम धाग्याचं आहे आणि दोर नायलॉनचे, उगाच खोटं कशाला सांगू? पण काथ्याचा दोर खाऱ्या पाण्याला टिकतो, तरंगतो आणि झटका बसला की थोडा ताणतो, हे गुण मला अजून आठवतात. तळहाताची सालं काढतो, हाही एक.

आता वळणाकडे. चौकोनी किंवा हल्लीच्या शिडाची बोट नाळ वाऱ्यातून फिरवून वळते. आमची तशी वळवायला गेलं तर घात. कारण परबाण नेहमी काठीच्या वाऱ्याआडच्या बाजूला असतं. नाळ वाऱ्यातून गेली की ते चुकीच्या बाजूला राहतं, सगळं शीड काठीवर उलटं दाबलं जातं, आणि आधाराचे ताणदोरही नेमके नको त्या अंगाला असतात. काठी मोडायला आणखी काय पाहिजे? म्हणून उलटं करायचं. तांडेल सुकाणू फिरवून होडी वाऱ्यापासून दूर नेतो, पाठीवर वारा घेतो. त्याच वेळी दामण मोकळी सोडायची. शीड पुढे झेंड्यासारखं फडकायला लागतं. दोघांनी परबाणाचं खालचं टोक मागे, काठीच्या बुंध्याशी खेचायचं, म्हणजे परबाण जवळजवळ उभं राहतं. मग ते काठीच्या पुढून पलीकडच्या अंगाला घ्यायचं. तिसऱ्याने दामण घेऊन नाळेच्या पुढून वळसा घालत दुसऱ्या बाजूने मागे यायचं. टोक पुन्हा पुढे ढकलून बांधायचं, ताणदोर बदलायचे, दामण ओढायची. तोवर होडी मोठा वळसा घेऊन नव्या अंगावर आलेली असते, आणि कष्टाने कमावलेलं थोडं अंतर वाऱ्याने परत नेलेलं असतं.

थोडंच जायचं असलं तर काही जण परबाण फिरवतच नाहीत. शीड काठीवर दाबलेलंच ठेवून एक छोटा फेरा मारतात. मीही मारतो. आळस आहे, पण हलक्या वाऱ्यात चालून जातो.

या वळणात एकच शब्द महत्त्वाचा: ‘सोड’. तो मी कसा शिकलो ते सांगतो. माझे आजोबा मचव्यावर तांडेल होते. मला कळायला लागलं तोवर मचवे इंजिनांचे झाले होते, पण शिडाची एक होडी त्यांनी हट्टाने ठेवली होती. मी तेरा-चौदा वर्षांचा असेन. देवबागच्या पुढे, कर्लीच्या मुखाबाहेर, दुपारचा वारा चांगला भरात होता आणि दामण माझ्या हातात होती. वळायची वेळ आली.

‘दामण सोड,’ आजोबा म्हणाले.

मला वाटलं, सोडली तर शीड जाईल. मी सोडायच्या ऐवजी हाताला एक वेढा घेतला. ताणलेलं शीड होडीचं ढुंगण पलीकडे रेटत राहिलं आणि नाळ काही वाऱ्यापासून दूर जाईना. उलट वाऱ्याकडेच वर यायला लागली.

‘सोड सांगतंय ना! धरून काय बसलंस?’

तेवढ्यात शीड उलटलं. काठीवर असं आदळलं, की होडी जागच्या जागी थांबली आणि चक्क मागे जायला लागली. दामण माझ्या तळहातातून सणसणत गेली. आजोबांनी सुकाणू सोडलं, दोन ढांगांत पुढे येऊन परबाणाचा दोर मोकळा केला आणि सगळं लटांबर धाडकन आमच्या अंगावर आलं. मी शिडाखाली, काळोखात, हात पोटाशी धरून. बाहेरून त्यांचा आवाज आला तो शांत होता: ‘जिता आसंस मरे?’ संध्याकाळी हाताला खोबरेल लावताना ते एवढंच म्हणाले, ‘वाऱ्याक पाठ दाखवची. तोंड देवक गेलस तर तो थोबाडीत मारता.’

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. वळण महाग असतं. माणसं लागतात, जागा लागते, अंतर जातं आणि धोका असतोच. त्यामुळे तुमचा प्रश्न आजोबांना विचारला असता, तर त्यांनी शिडाबद्दल एक अक्षर काढलं नसतं. ‘वारो समोर आसताना निघालसच कित्याक?’ एवढंच म्हणाले असते. माझ्या मते तेच बरोबर उत्तर आहे. शिडाची सगळी विद्या पुष्कळशी घड्याळाची विद्या आहे.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक लागतं. रात्र उतरताना जमीन गार होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. दिवस चढला की जमीन तापते, खारा वारा आत यायला लागतो, आणि दुपारी तो वायव्येकडून चांगलाच जोर धरतो. आता समजा मचव्यात कौलं, नारळ नाहीतर आंबे भरून मुंबईला, म्हणजे उत्तरेला जायचंय. वायव्येचा वारा जवळजवळ तोंडावरच. मग तांडेल काय करायचा? पहाटे मतलईवर निघायचा. वारा उजव्या बगलेवर, उत्तरेला जाताजाता बराच खोल समुद्रात सरकायचा. मधे तासभर वारा मरतो, तेव्हा भाकरी खाऊन घ्यायची. दुपारी वायव्येचा वारा लागला की त्याच्याशी ६० अंशांचा कोन धरायचा. हिशेब करून बघा, तोंड येतं उत्तरेच्या जरा पूर्वेला, म्हणजे पुढेही जातोय आणि किनाऱ्याकडेही येतोय. सकाळी जेवढं बाहेर गेलो तेवढं दुपारी आत. संध्याकाळी एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायचा आणि पहाटेची वाट बघायची. अख्ख्या दिवसात परबाण फिरवायचं ते फार तर एकदा, तेही वारा मेलेला असताना, निवांत. रोज थोडं, पण रोज.

कौंडिण्य जहाजाची बातमी आल्यापासून एक नवा प्रश्न जोडला गेलाय: ‘तुमचं शीड तसंच का?’ नाही. काथ्याने शिवलेलं ते जहाज पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलं, २०२५च्या मे महिन्यात कारवारला नौदलात आलं, आणि डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारीत मस्कतला पोचलं. त्याची शिडं चौकोनी, आडव्या काठ्यांवरची. मागचा वारा पाठीवर घ्यायला ती उत्तम. आणि तेही निघालं कधी, तर हिवाळ्यात, वारा ईशान्येचा असताना. पाहा, तिथेही घड्याळच.

गलबत मात्र आमच्याच शिडाच्या घराण्यातलं. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या गलबतांचं वर्णन लिहून ठेवलंय: क्वचितच ७० टनांहून मोठी, दोन काठ्या, त्यातली मागची नावाला, आणि मोठ्या काठीवर एकच भलं मोठं तिकोनी शीड, चढवलं की त्याचं टोक काठीच्याही वर जाणारं. शिवाय ४०–५० वल्ही. वारा समोरून आला की काय करायचं, याचं आरमारी उत्तर त्या वल्ह्यांत आहे. व्यापारी मचव्याला थांबता येतं. पाठलागावर असलेल्या गलबताला कसं थांबता येईल?

माझ्याकडे एवढी वल्ही नाहीत आणि खरं सांगायचं तर समोरचा वारा फारच झाला की मी गुपचूप इंजिन सुरू करतो. आजोबा बघत नसतात.

हे सगळं वाचण्यापेक्षा एकदा हातात घेऊन बघायचं असेल तर पावसाळा सरल्यावर या, डिसेंबर-जानेवारीत आलात तर उत्तम. सकाळी सातच्या आत किनाऱ्यावर हजर राहा, मतलई कुणासाठी थांबत नाही. चपला होडीबाहेर, मोबाईल पिशवीत. दामण तुमच्याच हातात देईन. हाताला वेढा घेऊ नका, आणि मी सोड म्हटलं की सोडा.