१६७३ व्होल्टचा हीटर

आयटीआयला असताना सरांनी फळ्यावर एक त्रिकोण काढून दिला होता. वर व्ही म्हणजे व्होल्टेज, खाली डावीकडे आय म्हणजे करंट, उजवीकडे आर म्हणजे रोध. जे पाहिजे त्याच्यावर बोट ठेवायचं, उरलं ते उत्तर. आय झाकला की व्ही भागिले आर. त्या एका बोटावर मी चाळीसगाव तालुक्यात वीस वर्षं काढली. मोटारींचं जळालेलं वायंडिंग नव्याने भरलं, विहिरींवर स्टार्टर बसवले. बीजगणिताची वही दहावीनंतर उघडली नाही आणि तिच्यावाचून काही अडलंही नाही.

अडलं ते पर्यवेक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास काढला तेव्हा. गणित असं होतं: हीटर १००० वॅटचा, कॉइलचा रोध ५२.९ ओहम, तर व्होल्टेज किती? सूत्र शेजारीच छापलेलं, पी म्हणजे वॅट:

पी = व्हीचा वर्ग ÷ आर

त्रिकोणात वर्ग बसत नाही. मग शाळेतला मंत्र आठवला, ‘पलीकडे नेलं की उलटं होतं’. आर पलीकडे नेला, भागाकाराचा गुणाकार झाला. वर्ग पलीकडे नेला, त्याचं वर्गमूळ झालं. फक्त ते वर्गमूळ मी एकट्या पीवर घातलं आणि आर बाहेर उघडाच राहिला. ३१.६२ गुणिले ५२.९, उत्तर १६७३ व्होल्ट. घरातल्या प्लगला २३० असतात हे मला झोपेतही माहीत आहे. तरी मी त्या उत्तराखाली दोन रेघा मारल्या होत्या.

भाची पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीत आली होती. तिने वही पाहिली.

“मामा, हा हीटर कुठल्या टॉवरला जोडलाय तुम्ही?”

म्हटलं, पलीकडे नेताना काहीतरी चुकलं असेल.

“पलीकडे कोणी जात नाही, मामा. मध्ये काय नदी आहे? दोन्ही बाजूंना एकच काम करायचं, बस. उजवीकडे आर छेदात आहे, म्हणून दोन्ही बाजूंना आरने गुणा. उजवीकडचा आर कटला. डावीकडे काय उरलं?”

“पी गुणिले आर.”

“आता वर्गमूळ कोणाचं?”

“पीचं...”

“अख्ख्या बाजूचं!”

१००० गुणिले ५२.९ म्हणजे ५२९००. त्याचं वर्गमूळ २३०. एका कंसाने १४४३ व्होल्ट उतरवले.

मला वाटलं, झालं, समजलं. दुसऱ्या दिवशी तिने तापमानाचं सूत्र दिलं. फॅरनहाइट म्हणजे सेल्सिअसला ९ ने गुणून ५ ने भागायचं आणि त्यात ३२ मिळवायचे. यावरून सेल्सिअस काढा म्हणाली. मी ५ ने गुणलं, ९ ने भागलं आणि शेवटी ३२ वजा केले. क्रिया सगळ्या बरोबर उलट्या केल्या होत्या. अंगाचे ९८.६ घालून पाहिले तर २२.८ आले. असा माणूस स्मशानातच सापडायचा.

इथे मात्र मला कोणी समजवायची गरज पडली नाही, कारण हे काम माझ्या हातातलं आहे. मोटार जोडताना आधी रोटर आत जातो, मग एंड कव्हर, मग पंखा, सगळ्यात शेवटी पंख्याचं झाकण. खोलताना पहिलं झाकण निघतं. पंखा न काढता एंड कव्हरला पुलर लावणारा पोरगा मी दुकानात ठेवत नाही, आणि मी स्वतः वहीत तेच करत होतो. ३२ शेवटी बसवलेत, म्हणून ते आधी निघणार. ९८.६ वजा ३२ म्हणजे ६६.६. त्याला ५ ने गुणलं, ९ ने भागलं. ३७. त्यानंतर मी कुठलंही सूत्र घेतलं की आधी त्यात जोडणी कशी झाली ते बोटाने मोजतो: पाहिजे त्या अक्षरावर पहिलं काय झालं, दुसरं काय, शेवटी काय.

भाचीने हे ऐकलं आणि म्हणाली, ही तर तुमच्या पाटणची गोष्ट. पाटण आमच्याच तालुक्यातलं, तिथल्या पाटणादेवीला मी कितीदा गेलोय. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाचं, चांगदेवाचं नाव आहे आणि आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढल्याचं कोरलंय, हे बोर्डावर वाचून पुढे गेलेला माणूस मी. त्या आजोबांच्या लीलावतीत विलोमविधी आहे, ११५० च्या सुमाराचा: उत्तर दिसतंय आणि मूळ संख्या पाहिजे, तर गुणलं असेल तिथे भागा, भागलं असेल तिथे गुणा, वर्ग असेल तर मूळ घ्या, मूळ असेल तर वर्ग करा, मिळवलं असेल तर वजा करा. आमच्या तालुक्यातला फॉर्म्युला फिरून मला इंजिनीअरिंगच्या पोरीकडून मिळाला.

खरा घाम काढला तो समांतर जोडणीने.

आर = आर१ × आर२ ÷ (आर१ + आर२)

एकूण रोध १२ ओहम पाहिजे, एक रोध २० चा आहे, दुसरा किती लावू? म्हणजे आर१ काढायचा. मी ऐटीत लिहिलं: आर१ = आर × (आर१ + आर२) ÷ आर२. डावीकडे आर१ एकटा उभा, मी पेन खाली ठेवलं. भाची काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मग मला उजवीकडच्या कंसातला दुसरा आर१ दिसला. म्हणजे दुसरा रोध काढायला आधी दुसरा रोध माहीत पाहिजे. इथे मोटारीची युक्तीही चालत नाही, कारण एकच अक्षर दोन ठिकाणी बसलंय, एकाच क्रमाने खोलणार कसं?

तीन दिवस या एका सूत्रावर गेले. वाट अशी निघते: छेद घालवायला दोन्ही बाजूंना कंसाने गुणायचं, कंस सोडवायचा, मग आर१ असलेली पदं एका बाजूला गोळा करायची. आर × आर२ एकीकडे, आर१ × आर२ वजा आर × आर१ दुसरीकडे. आता त्यातून आर१ सामाईक काढला की दोन आर१ चा एक होतो, आणि उरलेल्या कंसाने भागायचं.

आर१ = आर × आर२ ÷ (आर२ − आर)

२४० भागिले ८, म्हणजे ३० ओहम. उलट घालून पाहिलं: ६०० भागिले ५०, बारा. शाळेत ‘सामाईक अवयव काढा’ म्हणून पानंच्या पानं भरली होती. ते कशासाठी, हे वयाच्या चाळिशीत कळलं.

मध्येच एक गिऱ्हाईक आलं. ५ एचपी थ्री फेज मोटार, मीटरपासून विहीर ३०० मीटर, केबल कितीची घेऊ? पूर्वी मी डोळे झाकून ४ एमएम सांगितली असती. सांगितलीही आहे, आणि त्यातल्या दोन मोटारी भरायला माझ्याकडेच परत आल्यात. या वेळी खोक्याच्या पाठीवर मांडलं. केबलमध्ये पडणारं व्होल्टेज = १.७३२ × करंट × तांब्याची रोधकता ०.०१७५ × लांबी ÷ जाडी. जाडी म्हणजे तारेच्या कापाचं क्षेत्रफळ, चौरस एमएममध्ये; दुकानात त्यालाच नुसतं एमएम म्हणतात. एचपीला दीड अँपिअर, म्हणजे ७.५. पडझड मी ३ टक्के धरली, थ्री फेजच्या ४१५ व्होल्टचे १२.४५ व्होल्ट. सूत्र पडझड काढायचं, मला पाहिजे जाडी. जाडी छेदात, म्हणून दोन्ही बाजूंना जाडीने गुणलं, पडझडीने भागलं, दोघांची जागा बदलली. ५.४८ आले. बाजारात त्याच्या वरची ६ ची मिळते. ४ ची टाकली असती तर १७ व्होल्ट वाटेतच गेले असते, आणि शेतातल्या लाइनला आधीच ४१५ कुठे असतात? गिऱ्हाईक म्हणालं, अजून दोन दुकानांत विचारतो.

परीक्षा अजून व्हायची आहे. परवा मात्र स्वतःहून एक सूत्र फिरवलं. वायंडिंग किती तापलं ते रोधावरून काढता येतं:

आर२ ÷ आर१ = (२३४.५ + टी२) ÷ (२३४.५ + टी१)

२३४.५ हा तांब्याचा आकडा, आर१ आणि टी१ थंड मोटारीचे, आर२ आणि टी२ गरम मोटारीचे. मला टी२ पाहिजे होता. त्याच्यावर आधी बेरीज झालीय, मग भागाकार. म्हणून आधी दोन्ही बाजूंना खालच्या कंसाने गुणलं, मग २३४.५ वजा केले. सकाळी २५ अंशांना २ ओहम, तासभर चालवून बंद केल्या केल्या २.५. उत्तर ९० अंश. फोटो काढून भाचीला पाठवला.

तिचा लगेच फोन. “बरोबर आहे मामा. पण मीटरच्या वायरींचा रोध वजा केला का?”

दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून पाहिले. ०.२ ओहम. म्हणजे १.८ आणि २.३. पुन्हा मांडलं, ९७ आले.