साउथडेलची सोनेरी झाडं

बाहेर उणे 18 अंश. गाडीपासून दारापर्यंत पन्नास पावलं असतील, तेवढ्यात नाकाचा शेंडा बधिर झाला. एकामागे एक अशी दोन काचेची दारं ढकलून आत शिरले आणि चष्म्यावर वाफ धरली. पदराने पुसून वर बघते तर उंचच उंच सोनेरी झाडं! हॅरी बर्टोया या शिल्पकाराने घडवलेली, धातूची.

मिनियापोलिसला लागून असलेल्या ईडायनातला हा साउथडेल मॉल. 8 ऑक्टोबर 1956 रोजी सुरू झाला. सगळी दुकानं एका छताखाली, आतली हवा बारा महिने सारखी, असा अमेरिकेतला हा पहिलाच. लेकीकडे आल्यापासून मला तो बघायचाच होता.

तो उभारला इथल्या डेटन्स या मोठ्या दुकानाच्या मालकांनी. त्यांनी प्रतिस्पर्धी डोनाल्डसन्सलाही आत घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आराखडा व्हिक्टर ग्रुएनचा. हा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुविशारद 1938 साली नाझींमुळे देश सोडून आला होता. गाडीतच आयुष्य काढणाऱ्या लोकांना पायी फिरायला, टेकायला, गप्पा मारायला चौक हवा, ही त्याची तळमळ. म्हणून मधोमध बाग केली, कारंजं आणि पक्ष्यांचा मोठा पिंजरा ठेवला. भोवती घरं, शाळा, दवाखानेही त्याच्या मनात होते. प्रत्यक्षात भोवती पसरलं ते पार्किंग. देशभर त्याचीच नक्कल झाली. पुढे ग्रुएन व्हिएन्नाला परतला आणि असल्या मॉलशी आपलं नातं नाही म्हणाला. वाचलं तेव्हा जीव हळहळला होता.

नामवंत अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी या बागेत गावातल्या रस्त्याचे सगळे दोष आहेत, गोडवा मात्र नाही, अशी टीका केली होती. त्या थंडीतून आत आल्यावर मला काही ते पटेना. कोट हातावर टाकून म्हातारी माणसं फेऱ्या मारत होती. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटांना चिकटून फरशीवर पांढरं उमटत होतं.

दुकानं मात्र किती बदलली! डोनाल्डसन्स तर कधीच गेलं. जेसी पेनी 2017 मध्ये बंद झालं, तिथे आता भलीमोठी व्यायामशाळा आहे. 1992 साली जवळच ब्लूमिंग्टनला मॉल ऑफ अमेरिका उघडला, मग घरबसल्या खरेदी आली. आणि गेल्या काही वर्षांत पार्किंगच्या जागेवर राहत्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. ग्रुएनने हे बघायला हवं होतं.

पाय दुखायला लागले तशी झाडांजवळच्या बाकावर बसले. आपल्याकडे इथे नक्की पार बांधला असता. शेजारच्या आजी फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "डेटन्सच्या दाराशी ये."

मी मान वळवून पाटी पाहिली. डेटन्सचं 2001 मध्ये मार्शल फील्ड्स झालं आणि 2006 पासून तिथे मेसीज आहे. थोड्या वेळाने लोकरी टोपीतले एक आजोबा बरोबर त्याच दारापाशी येऊन उभे राहिले.