बर्फाजवळचं दुसरं घर: आधी पाणी बघा, मग डोंगर

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात १ ऑगस्ट २०२४ पासून दुसरं घर घेणाऱ्याला ३.४ टक्के हस्तांतरण कर भरावा लागतो. राहत्या घराच्या नेहमीच्या दराच्या दुपटीहून हा जास्त आहे. नाशिकला मुद्रांक शुल्क भरलेल्यांना आकडा किरकोळ वाटेल, पण इथे दरवर्षीचा मालमत्ता कर वेगळा, आणि तोच खरा भार. बजेट करताना दोन्ही धरा.

"त्यापेक्षा इगतपुरीला फार्महाऊस घ्या की!" असं घरून हमखास सुचवलं जातं. फेमाच्या, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारशाने मिळालं तर गोष्ट वेगळी. आणि मुलं इथे वाढतायत, तर हिवाळा त्यांनी खिडकीतून बघत काढायचा का? त्यामुळे इथे घर घेणं ही चैन आहे, असं आम्हाला वाटत नाही.

स्कीइंगच्या, म्हणजे बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाच्या, मोठ्या रिसॉर्टजवळची घरं आवाक्याबाहेर असतात, म्हणून नजर छोट्या डोंगरांकडे जाते. व्हरमाँटमधला मॅड रिव्हर ग्लेन हा डोंगर १९९५ पासून तिथे स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. सहकार काय असतो हे निफाड-दिंडोरीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९४८ सालची डोंगरावर नेणारी एकेरी खुर्च्यांची लिफ्ट त्यांनी नव्यासारखी दुरुस्त करून चालू ठेवली आहे. पण छोटा डोंगर बंदही पडतो. व्हरमाँटमधल्याच अ‍ॅस्कटनीचं स्की रिसॉर्ट २०१० मध्ये बंद झालं. पुढे गावकऱ्यांनी ना-नफा संस्था काढून लहान प्रमाणावर स्कीइंग पुन्हा सुरू केलं. म्हणून डोंगराची मालकी कोणाची, कृत्रिम बर्फाची सोय किती, हे आधी विचारा. लिफ्ट उद्या थांबली तरी घराला हीच किंमत द्याल का, याचं उत्तर नाही आलं तर पुढे जाऊ नका.

मग रस्ता. व्हरमाँटमध्ये वर्ग ४ च्या रस्त्यावरचा बर्फ काढणं गावावर बंधनकारक नाही. जाहिरातीत असे रस्ते जुलैतल्या हिरव्या फोटोत दिसतात.

सेप्टिक टाकीचा परवाना बेडरूमच्या संख्येवर मिळतो आणि एका बेडरूममागे साधारण दोन माणसं धरलेली असतात. जाहिरातीत चार बेडरूम आणि परवाना तीनचा, असं आढळतं. परवान्याची प्रत मागून घ्या. आपल्याकडे सुट्टीत आजी-आजोबा, मावशी, चुलतभाऊ सगळे एकदम येतात. दहा-बारा जणांच्या आंघोळी आणि कपडे एकाच सकाळी उरकले, तर सांडपाणी टाकीत निवळायला वेळ मिळत नाही, गाळ पुढे शोषखड्ड्याच्या नळ्यांत जातो आणि त्या बुजतात. तळणीचं तेल, तूप सिंकमध्ये ओतायचं नाही. बोअरचं पाणी जिवाणूंसाठी तपासाच, आर्सेनिकसाठीही. इथल्या काही विहिरींत ते आढळतं.

सर्वांत जास्त नुकसान गोठलेल्या पाण्याने होतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये दाब वाढतो आणि पाइप फुटतो. कळतं मात्र बर्फ वितळल्यावर, जेव्हा तळघरात पाणी उभं असतं. घर आठवडाभर बंद राहणार असेल तर थर्मोस्टॅट (घराचं तापमान राखणारं यंत्र) ५५ फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १३ सेल्सिअसवर ठेवा, पंप आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. एवढ्याने भागत नाही, कारण वीज गेली की घर गरम ठेवणारी गॅसची भट्टीही थांबते. मोबाइलवर इशारा देणारा तापमापक बसवा. नाशिकला किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली की काम झालं. इथे आठवड्याला फेरी मारणारा माणूस पैसे देऊन नेमावा लागतो, आणि तो नेमावाच.

पूर्ण हिवाळा घर बंद राहणार असेल तर क्रम चुकवू नका. आधी गिझरची वीज बंद, मग पंप बंद, मग सर्वांत खालचा नळ उघडून पाइप रिकामे करायचे. उरलेलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेर काढायचं. प्रत्येक सिंकखालच्या वाकड्या पाइपात, कमोडमध्ये, डिशवॉशर आणि वॉशिंग मशीनच्या पंपात गुलाबी, बिनविषारी अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव) ओतायचं. मोटारीचं हिरवं चालत नाही, ते विषारी असतं. वसंतात उघडताना आधी गिझर पाण्याने पूर्ण भरायचा, मगच वीज. कोरड्या टाकीत कॉइल काही सेकंदांत जळते.

छताच्या कडेला लटकणारे हिमसुळे फोटोत छान दिसतात, पण बघायला गेलेल्या घरावर ते जाड असतील तर आतली उष्णता माळ्यातून वर निसटतेय. वितळलेलं पाणी कडेला पुन्हा गोठून बांध घालतं आणि मागचं पाणी छपराखाली शिरतं. माळ्याच्या फटी आणि इन्सुलेशनचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

मार्च-एप्रिलच्या चिखलात कच्च्या रस्त्यांवर जड वाहनांना बंदी येते, गॅसचा टँकर पोचत नाही; फेब्रुवारीतच घराची गॅसची टाकी भरून घ्या. टाकी मालकीची की भाड्याची हे खरेदीआधी लेखी घ्या. भाड्याची असेल तर दुसऱ्या कंपनीचा माणूस ती भरत नाही, आणि दर काय तो टाकीची मालक कंपनीच ठरवते.