मोठा कोणता, आणि का?

"समजलं का?" असं विचारलं की सहावीचा अख्खा वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणतो. म्हणून ते विचारणं मी सोडलंय. त्याऐवजी तासाच्या शेवटी पाठकोऱ्या कागदाचे चतकोर वाटते. प्रश्न एकच: ०.३५ आणि ०.४ यांत मोठा कोणता, आणि का? मार्क नाहीत. (तरी पालकांच्या ग्रुपवर "मॅडम, हे कितीपैकी?" येतंच.)

स्वारगेटच्या बसमध्ये बसायला मिळालं तर मी चिठ्ठ्या वाचते. "०.३५, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे" हे अपेक्षितच. खरी गंमत एका बरोबर उत्तरात होती: "०.४ मोठा, कारण आकडे कमी असले की संख्या मोठी." चाचणीत या पोराला पूर्ण गुण मिळाले असते! हाच नियम ०.४८ आणि ०.३ ला लावा, साफ झोपतो. तेव्हा "का" गाळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी नवा धडा नाही. फळ्यावर ०.४०, शेजारी ०.३५. रुपये-पैसे सांगायचा मोह होतो, पण ते दोन घरांपुरतंच चालतं, ०.३७५ आलं की पुन्हा गोंधळ. त्यापेक्षा शंभर चौकटींचा चौरस रंगवून घ्यावा, चौकटीचे पुन्हा दहा भाग पाडता येतात.

महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक मूल्यमापन आहे, म्हणजे मूल शिकत असतानाच त्याला किती कळलं ते पाहत राहणं. नोंदवह्या भरण्यात आम्ही तरबेज झालोय. या चिठ्ठ्या कुठल्या रकान्यात बसत नाहीत, ते बरंच आहे. वर्ग मोठा असेल तर रोज सगळ्या वाचायला नकोत, आलटूनपालटून एका रांगेच्या घ्याव्यात.