कल्हईचं पातेलं आणि सवाईचा शनिवार

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला सवड नाही त्यांचंही काम होईल: सवाईला, म्हणजे पुण्यातल्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला जाताना पितळी पातेलं बरोबर नेऊ नये. झाकणाचं तर मुळीच नेऊ नये.

आता कसं काय झालं ते सांगते. भाचीचं लग्न फेब्रुवारीत. रुखवताची अर्धी खरेदी पुण्यात करायची, असं घरात ठरलेलं. त्यातच डिसेंबरातल्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या शनिवारची दोन तिकिटं मावशीने काढून ठेवली होती. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी. शुक्रवारी संध्याकाळी साताऱ्याहून एसटीने स्वारगेटला उतरले (बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हल्ली गाडी काढायचं मनातही येत नाही) आणि रात्री कोथरूडला मावशीकडे पोचले. मावशी चौऱ्याहत्तरची. गुडघे कुरकुरतात, पण सवाईचं नाव काढलं की कुरकुर बंद.

यादी अशी होती: कसब्यात कल्हई, तुळशीबागेत रुखवताचं किडुकमिडुक, लक्ष्मी रोडला साड्यांना फॉल-बीडिंग, मंडईतून थोडी भाजी आणि चारला सवाई. कागदावर अगदी सुटसुटीत.

सकाळी आनंदनगरहून मेट्रो पकडली. शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सूट असते. पेठांत जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. वनाजकडून येणारी मार्गिका पुलावर आणि स्वारगेटची जमिनीखाली जवळजवळ ३३ मीटर. एक सरकता जिना संपला की दुसरा पुढे उभा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर सरळ लिफ्ट शोधा, आणि तशीही या बदलासाठी दहा मिनिटं हाताशी ठेवा. सप्टेंबर २०२४ मध्ये हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून पेठांत चारचाकी घेऊन जाण्यात काही अर्थ उरलेला नाही. पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन दुकानं होतात.

कसबा पेठ स्टेशनला उतरलो तेव्हा पावणेदहा झाले होते. तांबट आळीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज कानावर येतो. तांब्याच्या भांड्यावर गोल तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक ठोके घालत जायचं, याला मठारकाम म्हणतात. दिसायला ती नक्षी वाटते, पण ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांड्याला बळकटी येते. पूर्वी या आळीत बंब आणि घंगाळी व्हायची, आता पाण्याच्या बाटल्या आणि दिवे जास्त दिसतात. ठोका तोच आहे.

आमच्याकडे एकच मोठं पातेलं होतं, झाकणासकट. आजीच्या लग्नातलं. काठाला टिंबाटिंबांनी तिचं नाव आणि १९४८ साल कोरलेलं. कल्हई पार उडालेली. मावशीने दिवाळीत हट्टाने त्यात कढी केली, ती कळकली आणि सगळ्यांनी निमूटपणे दह्याबरोबर भात खाल्ला. पितळ आणि आंबट यांचं जमत नाही, तांब्याचा अंश उतरतो, म्हणून तर आतून कथलाचा थर द्यायचा.

कल्हईवाले काका म्हणाले, "चारला या." तेव्हा चारला सवाई आहे हे डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही, कारण समोर दुसऱ्या कुणाचंतरी भांडं भट्टीवर चढलं होतं आणि आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. खाली कोळसा, बाजूला हाताने फिरवायचा पंखा. भांडं आधी घासून लख्ख केलेलं. ते चांगलं तापल्यावर काकांनी चिमूटभर नवसागर आत टाकला आणि पांढरा धूर भसकन वर आला, नाकात झिणझिण्या आणणारा. त्याच क्षणी कथलाची कांडी एकदा टेकवली, चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा गरागरा फिरवला, आणि पिवळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं झालं. पुढच्या सेकंदाला ते पाण्यात, चर्रर्र. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम, पण हात जरा उशिरा फिरला तर नवसागर उडून जातो आणि कथील धरत नाही.

कल्हई करायला नेणाऱ्यांसाठी चार गोष्टी. शुद्ध कथील आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, हे स्पष्ट विचारा, चांगला कारागीर रागावत नाही. भांडं घरून घासून न्या. दर आकारावर ठरतो, तो आधी बोलून घ्या. आणि घरी आणल्यावर रिकामं भांडं गॅसवर ठेवायचं नाही, कारण कथील २३२ अंशांना वितळतं, तारेची घासणी लावायची नाही आणि फोडणी शक्यतो दुसऱ्या कढल्यात करायची. मोलकरणीला हे मी चारदा सांगितलंय. पाचव्यांदाही सांगेन.

तिथून चालत लक्ष्मी रोड. दगडूशेठपुढे शनिवारची गर्दी असतेच, मावशीने रस्त्यावरूनच हात जोडले. फॉल-बीडिंगवाल्याकडे साड्या टाकल्या, तो म्हणाला मंगळवारी मिळतील, म्हणजे ते न्यायचं काम मावशीच्या गळ्यात. बाहेरगावच्यांनी एक करावं, साडी घेतलेल्या दुकानातच फॉल लावून मागावा, पुष्कळदा ते लावून देतात.

तुळशीबागेत अकराच्या आत शिरा. उशिरा गेलात तर चालायचं काम तुमचं तुम्हाला करावंच लागत नाही, गर्दीच पुढे नेते. रुखवतासाठी पितळेची भातुकली, छोटं जातं, उखळ-मुसळ, लोकरीची तोरणं, हे सगळं मंदिराच्या आतल्या बाजूच्या दुकानांत निवांत बघता येतं. बाहेरच्या बोळात क्लिपा, कानातली आणि टिकल्या. पेशवाईत नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं राममंदिर आत आहे, हे खरेदीला आलेल्या किती जणींना माहीत असतं कोण जाणे. मी स्वतः कॉलेजात असताना पहिली तीन वर्षं आत पाऊल टाकलं नव्हतं. आता मात्र मावशीला बसवायला सभामंडपासारखी जागा नाही. ती तिथे टेकली आणि मी एकटीने सपासप खरेदी उरकली. भाव करायचा तर बोळात करा, भांड्यांच्या दुकानात वजनावर हिशोब असतो, तिथे घासाघीस केली की समोरचा माणूस वजनकाट्याकडे बघतो आणि आपण गप्प बसतो. सुट्टे पैसे न्या, गर्दीत मोबाईलची रेंज ऐनवेळी रुसते.

मंडई म्हणजे माझा जीव. १८८६ सालची दगडी इमारत, मधोमध मनोरा, तेव्हाचं नाव रे मार्केट. गंमत अशी की नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आज तिच्यावर त्यांचंच नाव आहे. डिसेंबरात इथे गेलं की हात आखडत नाही: तुरीच्या ओल्या शेंगा, हिरवे सोलाणे, ओली हळद, आवळे, लाल गाजरं, बोरं. मी पेरू घेतले दोन किलो. का घेतले, विचारू नका. गाभुळलेले होते, वास सुटला होता.

मंडईजवळच्या एका खानावळीत पिठलं-भाकरी खाल्ली आणि घड्याळ पाहिलं तर सव्वातीन. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पातेलं चारला मिळणार, सवाई चारला सुरू होणार, आणि कोथरूडला जाऊन सामान टाकून परत यायचं तर पाच-सव्वापाच.

"मग पहिला कलाकार सोडू या का?" मी विचारलं.

मावशीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी बोटभर लहान झाले. "अगं, पहिला म्हणजे नवीन पोरगा असतो. आपण नाही ऐकायचं तर कुणी ऐकायचं?"

मेट्रोने एक स्टेशन मागे कसब्याला, काकांच्या हातापाया पडून पावणेचारला पातेलं घेतलं, पुन्हा मेट्रोने स्वारगेट, तिथून रिक्षाने मुकुंदनगर. पातेल्यातच पेरू, भातुकली आणि जातं भरलं, वर झाकण, आणि सगळं एका कापडी पिशवीत. फाटकावर तपासणी करणाऱ्या मुलाने पिशवीत डोकावून विचारलं, "काकू, स्वयंपाक इथेच करणार का?"

जे पहिल्यांदाच जाताहेत त्यांच्यासाठी. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मृतीसाठी हा महोत्सव सुरू केला. पुष्कळ वर्षं तो रमणबाग शाळेच्या पटांगणात व्हायचा, २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. मावशीला अजून रमणबागच दिसते. रात्रभर गाणं, अंगावर घोंगडी, पहाटे भैरवी आणि मग पहिली पीएमटी. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्रीचे दहा वाजले की माइक बंद, वर्षातले काही ठराविक दिवस तेवढी बारापर्यंत सवलत. ती शनिवारी वापरण्याची पद्धत आहे, म्हणून एकच दिवस जमणार असेल तर शनिवार धरावा. रविवारी दुपारी बारापासूनच सुरू होतं, पण शेवटी सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात तेव्हा सगळा मंडप गप्प बसतो. ते एकदा तरी अनुभवावं.

तिकीट रोजचं मिळतं, सगळ्या दिवसांचंही. खुर्ची किंवा भारतीय बैठक. पाठ आणि गुडघे शाबूत असतील तर बैठकच घ्या, स्वस्त असते आणि आजूबाजूची दाद अंगावर येते. आसन आणि शाल घरून न्या, मंडप मोठा असतो आणि आठनंतर गारठा पायांतून वर चढतो. खायचं असेल तर एक कलाकार उठून दुसऱ्याची वाद्यं लागेपर्यंतचा वेळ साधा. पंधरा-वीस मिनिटं मिळतात, पण सगळ्या मंडपाला तीच मिळतात.

आम्ही गुडघ्यांपायी खुर्च्यांत होतो. पिशवी माझ्या मांडीवर. पहिला मुलगा छानच गायला, मावशी दोनदा "वा" म्हणाली. सहाच्या सुमारास एक बाई बसल्या, त्यांचं नाव मुद्दामच लिहीत नाही. मारवा राग सुरू झाला. मारवा म्हणजे षड्जाला, म्हणजे 'सा'ला टाळत टाळत फिरायचं, कोमल रिषभावर, म्हणजे कोमल 'रे'वर जीव टांगून ठेवायचा. विलंबित एकताल, बाहेर उजेड जाताना, मंडपात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

टाचणी नव्हे, झाकण पडलं. रांगेतून एक गृहस्थ बाहेर जायला निघाले, त्यांचा गुडघा पिशवीला लागला, पिशवी कलंडली आणि नवी कल्हई केलेलं झाकण पुढच्या खुर्चीच्या लोखंडी पायावर आदळलं. ठण्ण्ण. आणि ते तिथे थांबलं नाही, खुर्च्यांखालून गोल गोल फिरत घुमत राहिलं. पाठोपाठ पेरू.

चार रांगा वळल्या. पुण्यातली माणसं काही बोलत नाहीत, फक्त बघतात, आणि तेवढं पुरतं. गाणाऱ्या बाईंनी डोळे उघडले नाहीत, रिषभ सोडला नाही, हे त्यांचे उपकार. मी मान खाली घालून पेरू गोळा करत होते, तेव्हा मावशी वाकून कानात कुजबुजली, "पंचम लागला बघ झाकणाचा. मारव्यात वर्ज्य असतो गं."

तिथून पुढचा अर्धा तास मी तोंडात शालीचा बोळा धरून काढला. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मध्यंतरात झाकण परत आणून दिलं, बरोबर एक पेरू, आणि दुसरा ठेवून घेतला. म्हणाले, "हा दंड."

बारा वाजता बाहेर पडलो. या वेळेला मेट्रो नसते, आणि फाटकासमोर रिक्षावाले मीटरचं नाव काढत नाहीत, तेव्हा शेवटच्या कलाकाराची भैरवी सुरू असतानाच मोबाईलवर गाडी सांगून ठेवा किंवा पाचेक मिनिटं सातारा रस्त्याच्या दिशेने चालत जाऊन पकडा. आम्ही चाललो. मावशी सबंध रस्ता कोमल रिषभ गुणगुणत होती.

रविवारी तिने त्याच पातेल्यात कढी केली. कळकली नाही. झाकणाला मात्र काठाशी चांगला पोचा आलाय, नीट बसत नाही, वाफ एका बाजूने निसटते. ठोकून घ्यायला तांबट आळीत पुन्हा जायचं आहे. या खेपेला मंगळवारी, फॉलच्या साड्या आणायच्याच आहेत तर.