४३ फोटो, नुसत्या पाण्याचे

"सर, बुडला तिथंच काय कॅमेरा धरून बसताय? तिथनं तो कवाच गेला."

नावाडी दादा वल्हं आडवं टाकून हसत होते. मी गप्प. कार्डात तोवर ४३ फोटो, सगळ्यांत गोल गोल तरंग.

शेंडी बदक होतं. नर. काळाकुळकुळीत, कुशी पांढऱ्याशुभ्र, मागे लोंबणारी शेंडी आणि डोळा म्हणजे हळदीचा ठिपका. फोकस लागला रे लागला की डुबुक! मग पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, आणि वर येणार भलतीकडेच. पाठीवरून पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं.

पुण्यातून पहाटे साडेचारला निघून उजनी धरणाच्या काठचं कुंभारगाव गाठलं ते खरं तर रोहित पक्ष्यांसाठी. होडीतले बाकीचे त्यांच्याकडेच तोंड करून. थापटेही (पसरट चोचीची बदकं) भरपूर होते. ते वरच्यावर चोच फिरवतात आणि वेळ आली की जागेवरून थेट उडतात. या बुडी मारणाऱ्यांचे पाय पार मागे, त्यामुळे उडायचं तर आधी पाण्यावर धावाधाव. त्या धावाधावीचा एक फोटो मिळाला. हललाय, पण मिळाला.

परतताना दादांनी सहज पाण्याकडे बोट केलं. "आमचं जुनं गाव हितंच खाली."

उजनी १९८० सालचं. दादा तेव्हा लहान असतील, किंवा नसतीलही. विचारलं नाही.

रात्री ते ४३ फोटो उडवायला बसलो आणि हात काही चालेना. कुणाच्या अंगणावरचं पाणी आहे ते, कोण जाणे.

तुम्ही उडवले असते?