समोरच्याने नेमकं काय करायला हवं, ते आधी लिहून काढा

दुसऱ्या खात्याकडून काम होत नसेल, तर बऱ्याचदा आपलं मागणंच मोघम असतं. ‘प्रॉडक्शनवाल्यांना मेंटेनन्सचं महत्त्व पटवायचं’ एवढंच ठरवून गेलात, तर समोरचा मान डोलावतो, चहा पाजतो आणि मशीन तशीच चालू राहते. लिहायची ती समोरच्याची कृती.

नवी मुंबईच्या महापे-रबाळे औद्योगिक पट्ट्यातला, शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असलेला एखादा कारखाना घ्या. सुट्टीलाही एक लाइन चालू असते आणि स्क्रू कॉम्प्रेसरचा (लाइनला दाबाची हवा पुरवणाऱ्या मशीनचा) ऑइल सेपरेटर, म्हणजे हवेतलं तेल वेगळं करणारा फिल्टर बदलायचाय, कूलरही साफ करायचाय. तर वाक्य असं हवं: ‘बुधवारी संध्याकाळपर्यंत प्रॉडक्शन मॅनेजर मेलवर कळवतील, की 2 नंबरचा कॉम्प्रेसर शुक्रवारी 9 ते 1 बंद ठेवायला हरकत नाही.’ माणूस एक, कृती एक, मुदत एक. यातच पुढच्या वर्षाचं एएमसी (वार्षिक देखभाल करार) घुसवलंत, की दोन्ही लटकतात.

मग त्यांचा हिशोब बघा. सेपरेटर चोंदला की लाइनला तेवढीच हवा द्यायला कॉम्प्रेसर जास्त दाबावर चालतो. दाब वाढला की दर 1 बारमागे (बार हे दाबाचं एकक) साधारण 7 टक्के वीज जास्त. पण वीजबिलाचा जाब त्यांना कुणी विचारत नाही, डिस्पॅचचा विचारतात. म्हणून बोलणं तिथूनच सुरू करा: सोमवारी भर शिफ्टमध्ये कॉम्प्रेसर ट्रिप झाला, तर कुठली ऑर्डर अडकेल? शुक्रवारी कोण येणार, त्याला बदली सुट्टी कधी, सेपरेटर स्टोअरमध्ये आलाय का, हे पक्कं करूनच जा. शटडाउन मिळालं आणि पार्टच नाही, असं एकदा झालं की पुढच्या वेळी तुमचा शब्द चालत नाही.

सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारू नका. तिथे हो म्हटलं की टार्गेटवरून बोलणी बसतात, म्हणून माणूस ‘बघू’ म्हणतो. त्याआधी शॉपफ्लोअरवर पाच मिनिटं गाठा. तिथेही ‘बघू’च आलं, तर लगेच विचारा, ‘साहेब, नक्की अडतंय कुठे?’ छोटी मागणीही तयार ठेवा: चार तास जमत नसतील तर दोन, आता फक्त सेपरेटर, कूलरची सफाई पुढच्या शुक्रवारी.

बुधवार उलटला आणि मेल आला नाही, तर गुरुवारी सकाळी आधी त्यांनाच फोन करा. त्यांच्या वरिष्ठांना सीसीत घातलंत तर हे काम होईलही, पण पुढचं प्रत्येक शटडाउन भांडून मिळवावं लागेल. होकार आला की तो मेल त्याच दिवशी स्टोअरला आणि सिक्युरिटीला पाठवा. सुट्टीच्या दिवशी सर्व्हिस इंजिनिअर गेटपासाविना बाहेर अडकला, तर चारातला एक तास तिथेच जातो.